जुन्या जिनिंगचं ग्रीन सर्टिफिकेशन : पाया खोदत नाही, तरी माती धूप नियंत्रणाचा आराखडा लागतो का? पाऊस तोंडावर आहे

आर्वीचा साईट इंजिनीअर · १७ मे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

आर्वी तालुक्यात आमच्या गावाला लागून एक जुनं जिनिंग आहे. कित्येक वर्षं बंद पडून होतं. माझे बाबा तिथे रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होते. कापसाच्या दिवसांत त्यांचा डबा घेऊन मी जायचो, तेव्हापासून ती शेड माझ्या ओळखीची. आता आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने ती जागा घेतली आहे आणि एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर निधीतून तिथे प्रशिक्षण केंद्र, बियाण्यांचं गोदाम आणि ऑफिस होऊन राह्यलं. निधी देणाऱ्यांची अट अशी की इमारत लीड या ग्रीन बिल्डिंग पद्धतीच्या व्ही ४, म्हणजे चौथ्या आवृत्तीखाली, 'न्यू कन्स्ट्रक्शन अँड मेजर रिनोव्हेशन' या प्रकारात सर्टिफाय झाली पाहिजे. मी डिप्लोमा सिव्हिल. साईटवर इंजिनीअर म्हणून मी एकटाच.

इमारत पाडत नाही आहोत. दगडी जोतं, विटा-चुन्याच्या भिंती, लोखंडी कैच्या, सगळं तसंच ठेवून दुरुस्ती करतो आहोत. शेड ६० मीटर लांब, १५ मीटर रुंद. जागा दोन एकर. बाहेर मातीला हात लागतो तो एवढाच : पावसाच्या पाण्याच्या टाकीचा खड्डा, सेप्टिक टँक, केबलची चर, जोत्याभोवतीचं प्लिंथ प्रोटेक्शन आणि गेटपासून शेडपर्यंतचा रस्ता. मोजून पाह्यलं तर २,२०० चौरस मीटर भरतं, म्हणजे अर्ध्या एकराहून थोडं जास्त.

सल्लागाराने इरोजन अँड सेडिमेंटेशन कंट्रोल प्लॅन मागितला. सोबत नमुना म्हणून परदेशातल्या कुठल्यातरी टॉवरचा प्लॅन पाठवला. त्यात सिल्ट फेन्स, म्हणजे गाळ अडवायचं कापडी कुंपण, आहे, पंपाने बी फवारून गवत उगवायचं आहे, रस्त्याकडेच्या भूमिगत गटारांच्या तोंडांना जाळ्या लावायच्या आहेत. आमच्या गावात भूमिगत गटार नाही. माझं मत तेव्हा हेच होतं की आपण पाया खोदत नाही, इमारत उभीच आहे, तर ही अट आपल्याला लागू नसावी. तसं उत्तर टाईप करूनही ठेवलं होतं.

मग ९ मेच्या रात्री अवकाळी आला. फार तर पाऊण तास पडला असेल. सकाळी साईटवर गेलो तर दक्षिणेकडच्या वळचणीखाली मी नुकतीच बुजवलेली केबलची चर होती, ती पूर्ण उघडी पडलेली. भराव धुऊन कंपाउंडच्या फटीतून मागच्या नाल्यात गेलेला. कारण शोधायला वेळ लागला नाही. पत्र्याचे जुने पन्हाळे सडले होते म्हणून एप्रिलमध्ये मीच काढायला लावले. नवे अजून आलेले नाहीत. अर्ध्या छपराचं पाणी सरळ त्या मोकळ्या मातीवर पडलं.

हे मला लागलं, कारण तो नाला मागच्या भिंतीपासून ११ मीटरवर आहे आणि खाली तीनेकशे मीटरवर आमचा कोल्हापुरी बंधारा आहे. दोन वर्षांपूर्वी गावाने वर्गणी करून त्याचा गाळ काढला. ज्याच्याकडे ट्रॅक्टर होता त्याने ट्रॅक्टर दिला, ज्याच्याकडे नव्हता त्याने डिझेलला पैसे दिले. आम्हीही तो गाळ नेऊन वावरात पसरला. आता 'पर्यावरणपूरक' म्हणून बांधत असलेल्या इमारतीची माती त्याच बंधाऱ्यात जाऊन बसली तर गावाला मी काय तोंड दाखवू?

म्हणून आता आराखडा मनापासून करायचा आहे. अट नक्की काय मागते? सिल्ट फेन्सचं कापड आर्वीत नाही, वर्ध्यातही मिळालं नाही, त्याच्या जागी काय चालतं? धुळीसाठी रोज पाणी मारा म्हणतात, पण मे महिन्यात गावात टँकर चालू असताना मी मातीवर पाणी कसं मारू? आणि कागदावर काय काय ठेवावं लागतं? मृगाला तीन आठवडे राह्यले.

नागपूरची आर्किटेक्ट · १७ मे

नमस्कार. लीडच्या आणि आयजीबीसीच्या, म्हणजे इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलच्या, काही कामांत हा भाग मी हाताळला आहे, त्यावरून लिहिते.

ते टाईप केलेलं उत्तर पाठवू नका. ही लीडमधली पूर्वअट आहे. तिला गुण नाहीत, पण तिच्याशिवाय सर्टिफिकेटही नाही. व्ही ४ मध्ये आधार धरला आहे तो अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २०१२ चा कन्स्ट्रक्शन जनरल परमिट, किंवा स्थानिक नियम. दोन्हींपैकी जो कडक असेल तो. खुद्द अमेरिकेत असा परमिट सहसा एक एकर किंवा त्याहून मोठ्या कामाला लागतो. त्यामुळे पुष्कळ जणांना वाटतं की आपण अर्ध्या एकरात आहोत, सुटलो. पण लीडने स्पष्ट म्हटलं आहे की काम केवढंही असो, परमिटमधल्या उपाययोजना पाळायच्या. परमिटसाठी कुठे अर्ज करायचा नाही, फक्त त्यातलं वागणं पाळायचं.

मागणं तीनच आहे. पावसाने किंवा वाऱ्याने माती साईटबाहेर जाऊ नये, आणि वरची सुपीक माती राखून पुन्हा वापरावी. गाळ गटारात, नाल्यात जाऊ नये. धुळीने हवा खराब होऊ नये. तुमच्या गावात भूमिगत गटार नसेल तर त्या जाळ्यांचा विषयच संपला. पण मग आराखड्यात नाला दिसला पाहिजे, बंधारा दिसला पाहिजे. तपासणारा माणूस पहिल्यांदा हेच बघतो की आराखडा या जागेचा आहे की उचललेला.

परमिटमधल्या आकड्यांपैकी तुम्हाला लागतील ते सांगते. एखाद्या भागातलं काम १४ दिवस किंवा जास्त थांबणार असेल तर तिथली माती झाकायचं काम लगेच सुरू करायचं आणि पुढच्या १४ दिवसांत संपवायचं. गाळ अडवायला जे कुंपण लावाल, त्यामागचा गाळ कुंपणाच्या जमिनीवरच्या उंचीच्या निम्म्यावर येण्याआधी काढायचा. पाहणी एकतर दर ७ दिवसांनी, नाहीतर दर १४ दिवसांनी आणि शिवाय पाव इंच, म्हणजे ६.४ मिलिमीटर, किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की २४ तासांत. आपल्याकडे ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टीची नोंद होते. इथे त्याच्या दहाव्या हिश्शालाच वही उघडावी लागते. विदर्भात जुलै-ऑगस्टमध्ये असा पाऊस इतक्यांदा होतो की मी सरळ दर सोमवारी पाहणी धरते आणि मोठ्या पावसानंतर वेगळी चक्कर मारते.

तुमचा नाला ११ मीटरवर आहे, तर हे नीट वाचा. पाण्याच्या काठापासून ५० फूट, म्हणजे साधारण सव्वापंधरा मीटर, नैसर्गिक पट्टा तसाच ठेवावा किंवा तेवढंच संरक्षण दुसऱ्या उपायांनी द्यावं, असं परमिट म्हणतो. पण जिथे आधीपासूनच बांधकाम उभं आहे आणि पट्टा उरलेलाच नाही, तेवढ्या भागाला ती सक्ती नाही. जुन्या इमारतींना ही तरतूद फार उपयोगाची आहे. शेडने व्यापलेला भाग सुटला. भिंत ते नाला हे ११ मीटर मोकळे असतील तर ते मात्र राखायचे. तिथे रेती-गिट्टी उतरवू नका, मिक्सर लावू नका, सेप्टिक टँक तिकडे असेल तर जागा बदला.

चुन्याचं काम आहे म्हणता. गिलाव्याची घमेली, मिक्सर, रंगाचे ब्रश धुतलेलं पाणी जमिनीवर सोडायला परमिटात मनाई आहे. नाल्यापासून जास्तीत जास्त दूर खड्डा घ्या, त्यात न गळणारी जाड ताडपत्री अंथरा, धुणं तिथेच. चुना-सिमेंटचं पाणी तीव्र अल्कधर्मी असतं, बंधाऱ्यातल्या माशांना ते सोसत नाही.

धुळीसाठी पाणी हा एकच मार्ग नाही. रेतीचा, भुकटीचा ढीग झाकणं, टिप्परवर ताडपत्री बांधणं, वारा सुटला की खरवडण्याचं काम थांबवणं, गेटच्या आत गाडी सावकाश चालवणं हेही उपायच आहेत. ते लिहून काढा आणि पाळा. टंचाईत पिण्याचं पाणी मातीवर मारू नका. आराखड्यात तेच कारण द्या.

कागद म्हणाल तर उताराचे बाण दाखवणारा एक नकाशा, दोन-तीन पानांचं वर्णन, पाहणीची वही आणि तारखेसह फोटो. प्रत्येक वेळी त्याच चार-पाच जागांवर उभं राहून फोटो काढा, म्हणजे बदल दिसतो.

एक खबरदारी. कोणी सांगेल की २० सेंटिमीटर माती काढून ४० सेंटिमीटर उंचीचेच ढीग करा. ते ग्रिहाच्या, म्हणजे भारतातल्या आणखी एका ग्रीन रेटिंगच्या, पद्धतीतलं आहे. आयजीबीसी नॅशनल बिल्डिंग कोडच्या भाग १० कडे बोट दाखवतं. माहिती दोन्हींकडची चांगली आहे, पण ज्या पद्धतीत नोंदणी आहे तिच्याच भाषेत आराखडा लिहा. सरमिसळ झाली की प्रश्न वाढतात.

आर्वीचा साईट इंजिनीअर · १८ मे

ताई, खूप आभार. सेप्टिक टँक खरोखर मागच्या बाजूलाच दाखवला होता, आज जागा बदलून घेतली. ते ४० सेंटिमीटरचंही आधीच ऐकलं होतं आणि जीव धास्तावला होता. पूर्वेकडची ११०० चौरस मीटर काळी माती २० सेंटिमीटर काढली तर २२० घनमीटर होते, आणि ४० सेंटिमीटर उंचीने रचायची तर ५५० चौरस मीटर जागा फक्त ढिगालाच लागली असती.

आता कुंपणाचं कोणी सांगाल का? शेडनेट चालेल का?

निवृत्त, मृदसंधारण (मूर्तिजापूर) · १९ मे

शेडनेटने ढेकूळ अडेल बाबू, माती अडणार नाही.

माझी सगळी नोकरी बांधबंदिस्ती, सलग समतल चर, नाला बांध यांत गेली. इमारतीचं मला फारसं कळत नाही. मातीचं थोडं कळतं. तुझं लिहिलेलं दोनदा वाचलं आणि त्यात मला कुंपणाच्या आधी छप्पर दिसलं.

नव्या बांधकामात पावसाळ्यात छप्परच नसतं. पाऊस जिथे पडतो तिथे पडतो, सगळीकडे सारखा. जुन्या इमारतीत छप्पर आधीच उभं आहे आणि ते पाणी गोळा करून एका रेघेत टाकतं. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी. तुझी शेड ९०० चौरस मीटर. पंचवीस मिलिमीटरची एक सर आली की साडेबावीस हजार लिटर, म्हणजे दोन मोठ्या टँकरांहून जास्त, आणि दोन्ही वळचणींनी निम्मं निम्मं. टँकरचा कॉक उघडून तू चरीवर धरला असता तर जे झालं असतं तेच ९ मेला झालं. म्हणून आधी पन्हाळे. रंग नंतर, फरशी नंतर, कुंपणही नंतर. पन्हाळे यायला उशीर असेल तर वळचणीखाली पागोळ्या पडतात त्या पूर्ण रेघेवर दोन फूट रुंद गिट्टीचा पट्टा घाल, म्हणजे थेंब मातीवर आदळणार नाही.

दुसरं, वरून येणारं पाणी. शेजारचं वावर तुझ्याहून उंच असेल तर धुऱ्याच्या आतून एक उथळ चर काढून ते पाणी साईटच्या बाहेरून नाल्यात ने. दुसऱ्याच्या वावरातलं पाणी तुझ्या उकरलेल्या मातीवरून कशाला जाऊ द्यायचं?

आता काळ्या मातीचं. मे महिन्यात तिला हातभर खोल भेगा असतात. पहिले दोन-तीन पाऊस ती भेगांतून पिऊन टाकते. तुला वाटेल, काहीच वाहिलं नाही, आपलं जमलं. मग ती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पाणी आत जायचं नाव घेत नाही. खरं वाहणं जुलैत सुरू होतं. तयारीची परीक्षा तेव्हा असते.

आणि तिचे कण फार बारीक. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनहून लहान. असा कण स्थिर पाण्यात दहा सेंटिमीटर खाली बसायला आठ तास घेतो. मीटरभर बसायला तीन दिवसांहून जास्त. कुठल्याही कापडातून तो आरपार जातो. म्हणजे कुंपण आणि गाळाचा खड्डा जाड माती धरतील, गढूळपणा धरणार नाहीत. काळ्या मातीत खरा उपाय एकच, माती उघडी न ठेवणं. थेंब मातीला लागलाच नाही तर कण सुटतच नाही.

तर झाक. बाजार समितीतून फाटका बारदाना आण, उसवून जोड आणि उतारावर खुंट्या मारून अंथर. ताग पेर. पहिल्या ओलीवर तीन-चार दिवसांत उगवतो, दाट पेरला तर तीन आठवड्यांत जमीन दिसत नाही. ढिगांवरही तागच टाक. कुटार, म्हणजे भुसा, अंथरू नको, पहिल्या सरीला तरंगून जातं आणि राहिलंच तर गुरं खातात.

कुंपणासाठी तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या काड्यांच्या, ताट्या कर. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या काड्या, वापरू नको. तुझ्या भागात त्या ढिगाने पडल्या असतील आणि फुकट मिळतील, पण त्यांत गुलाबी बोंडअळी राहते. हंगाम संपला की पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा म्हणून आम्ही गावोगाव सांगत फिरलो आहोत. ताटीला आतून बारदाना शिव, वीतभर जमिनीत गाड आणि माती दाबून बसव. गाडला नाही तर पाणी खालून जातं. कुंपण उताराला आडवं, एकाच पातळीत. जिथे पाणी एकवटून वाहतं तिथे कुंपण लावूच नको, तिथे दगडांचा छोटा बांध घाल, मधे खोलगट आणि कडांना उंच, म्हणजे पाणी मधूनच जाईल, कडा कापणार नाही.

आणखी एक परीक्षा करून बघ, पैसा लागत नाही. काचेच्या बरणीत साईटची मूठभर माती टाक, डिस्टिल्ड वॉटर घाल, हलव आणि रात्रभर ठेव. सकाळी वरचं पाणी निवळलं तर बरं. दुधाळच राहिलं तर माती चोपण आहे, सोडियमने कण एकमेकांपासून सुटे राहतात. आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, हे नेहमीचं. माझ्या शेततळ्याचं पाणी दिवाळीपर्यंत चहासारखं असायचं, जिप्सम टाकलं तेव्हा निवळलं. ही परीक्षा विहिरीच्या पाण्याने करू नको. पाणी खारं असेल तर त्यातल्या क्षारांनीच कण गोळा होऊन खाली बसतात आणि माती चांगली असल्याचा भास होतो. पावसाचं पाणी क्षार घेऊन येत नाही, म्हणून डिस्टिल्ड.

भंडाऱ्याचा ठेकेदार · १९ मे

काकाजींनी सगळं सांगितलं, मी फक्त गेटचं सांगतो. आमच्याकडे मालगुजारी तलावाच्या पाळीला लागून एक काम होतं. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी दोनशे मीटर डांबरी रस्ता चिखलाने माखला आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली सायकलवरून घसरून पडल्या. एकीचा हात मोडला. तेव्हापासून माझ्या कुठल्याही साईटवर गेटच्या आत आधी गिट्टी पडते, मग पहिली गाडी येते. ४० एमएमची जाड गिट्टी, खाली जुना बारदाना किंवा जिओटेक्स्टाईल, नाहीतर काळी माती गिट्टी गिळून टाकते. लांबी एवढी ठेवा की मागच्या चाकाचे चार-पाच फेरे गिट्टीवर व्हावेत. तरी रस्त्यावर माती गेलीच तर त्याच दिवशी, काम सुटायच्या आत, फावड्याने खरवडून आत आणायची. पाण्याने धुऊन नालीत ढकलायची नाही.

आर्वीचा साईट इंजिनीअर · २४ जून

मंडळी, महिनाभर लिहायला फुरसत झाली नाही. आता जे झालं ते सांगतो, चुकलं तेही सांगतो.

काकाजींचं लिहिलेलं मी घरी बाबांना वाचून दाखवलं. छपराचा भाग आला तशी ते म्हणाले, "अरे, जोत्याच्या बाजूनं फरसाची नाली होती. दर उन्हाळ्यात साहेब आमच्याकडून साफ करून घ्यायचा." मी तिथे सहा महिने काम करून राह्यलो आणि मला नाली दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः साईटवर आले, काठीने जागा दाखवली. फूटभर रुईचा कचरा, माती आणि गाजरगवताची मुळं काढली, तर खाली घडीव काळ्या दगडाची नाली निघाली, दीड फूट रुंद, शेडच्या दोन्ही बाजूंनी, ईशान्येकडे उतार दिलेली. साठ मीटरमध्ये फक्त दोन जागी दगड सरकले होते. मी तिथे काँक्रीटची नवी नाली दाखवली होती, तिचं खोदकाम पूर्ण वाचलं. ड्रॉइंगमध्ये बदल केला आणि नाली राखली.

पन्हाळे २ जूनला लागले. चार उतरते पाइप त्या दगडी नालीत सोडले. पावसाच्या पाण्याच्या टाकीचा खड्डा आधीच घेऊन ठेवला होता. टाकीचं काम दिवाळीनंतर ढकललं आणि सध्या तोच खड्डा गाळ बसायला वापरतो. परमिटात गाळाच्या तळ्यासाठी एकराला ३,६०० घनफूट असा हिशोब आहे. आमच्या खड्ड्याकडे येणारी उकरलेली जमीन पाव एकर धरली तर ९०० घनफूट, म्हणजे साडेपंचवीस घनमीटर लागतात. खड्डा त्याहून मोठा आहे. कडा तिरक्या कापल्या, कारण ओली काळी माती उभी राहत नाही, आणि भोवती बल्ल्या आणि काटेरी तार लावली, गावातली पोरं येतात म्हणून. छपराचं पाणी खड्ड्यात जाऊ दिलं नाही. ते स्वच्छच असतं, ते दगडी नालीतून वेगळं बाहेर काढलं. दोन्ही एकत्र केली असती तर खड्डा पहिल्याच पावसात भरून वाहिला असता.

बरणीची परीक्षा केली. पूर्वेकडची माती सकाळपर्यंत निवळली. केबलच्या चरीतली नाही निवळली, पण त्या चरीत जुन्या बॉयलरची राख आणि कसलंतरी भराव साहित्य मिसळलेलं आहे. ती माती वेगळी काढून झाकून ठेवली, चरीत मुरूम भरला.

१६ जूनला पहिला मोठा पाऊस. साईटवर साधा पाऊसमापक लावला आहे, त्यात सकाळी ४१ मिलिमीटर. म्हणजे छपरावरूनच सदतीस हजार लिटर. मी पहाटे साडेपाचला तिथे होतो. दगडी नाली काठोकाठ वाहत होती आणि पाणी स्वच्छ होतं, तळाचे दगड दिसत होते. ज्या चरीने मला महिनाभर झोप दिली नाही ती जागची हलली नव्हती.

चुकलं ते कुंपण. तुराट्यांची ताटी नीट गाडली होती, बारदानाही शिवला होता, पण उत्तरेकडचं टोक सरळच संपवलं. पाणी कुंपणाला अडलं, कुंपणाच्या कडेकडेने टोकाला गेलं आणि तिथून वळसा घालून निघालं. दोन-तीन घमेली माती कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन बसली. नाल्यात गेली नाही, कारण भिंतीची ती फट मी मेमध्येच बुजवली होती. त्याच दिवशी ती माती उचलून आत आणली. टोक चढाच्या बाजूला दीड मीटर वळवून घेतलं. वहीत हे सगळं लिहिलं, फोटोसकट. सल्लागार म्हणाला, चुकीचा फोटो कशाला लावता. मी लावला. वहीत सगळं व्यवस्थितच लिहिलं तर पाहणी केली की नाही ते कळणार कसं? ताई, यात माझं काही चुकत असेल तर सांगा.

गेटवर गिट्टी टाकली, दहा मीटर लांब. भाऊ, तुमच्या त्या शाळेतल्या मुलींचं वाचल्यावर त्यात काटकसर करावीशी वाटली नाही.

नागपूरची आर्किटेक्ट · २४ जून

काहीच चुकत नाही. बिघाड दिसला, कधी दिसला, किती वेळात दुरुस्त केला, हेच त्या वहीत अपेक्षित असतं. दुरुस्तीची तारीख वेगळ्या रकान्यात लिहा. दगडी नालीचा फोटो वर्णनात पहिल्या पानावर घ्या. आणि आराखड्याचा नकाशा सुधारून नवी तारीख टाका. टाकीचा खड्डा आता गाळाचा खड्डा झाला आहे, तो जुन्या नकाशात टाकी म्हणूनच दिसत असेल.

निवृत्त, मृदसंधारण (मूर्तिजापूर) · २५ जून

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. ताग उगवला का? आणि खड्ड्यातलं पाणी कुठे सोडतोस?

आर्वीचा साईट इंजिनीअर · २५ जून

सांगतो जी. ताग उगवला, वीतभर झाला. ढिगांवर दाट आहे. पूर्वेच्या उतारावर दोन जागी विरळ राह्यला, तिथे काल पुन्हा टाकला आणि वर बारदाना अंथरला. एकदा बकऱ्या शिरल्या होत्या, तेव्हापासून तिकडच्या बाजूने बोराट्या लावल्या.

खड्ड्यातलं पाणी चार दिवस हलवत नाही. मग वरचं निवळलेलं पाणी तरंगत्या पाइपने काढून पूर्वेच्या तागावरच सोडतो, नाल्यात नाही. पाइपचं तोंड रिकाम्या कॅनला बांधलं आहे, म्हणजे तळाचा गाळ ओढला जात नाही. आज गाळ मोजला, काठीवर वीतभर आला. पावसाने उघडीप दिली की काढून ढिगावर टाकीन. काल बंधाऱ्यावर जाऊन आलो. पाणी गढूळ आहे, पण वरच्या सगळ्या वावरांचं येतं, त्यातलं आमचं किती ते तिथे पाहून कळत नाही. म्हणूनच पहिल्या मोठ्या पावसापासून आमच्या कंपाउंडच्या वर आणि खाली, नाल्यातून दर पावसात एक-एक बाटली भरून ठेवतो. दोन्ही बाटल्या ऑफिसच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. १६ तारखेच्या दोन्ही सारख्या दिसतात. जुलैतल्या इथे टाकीन.